संगणक सुरू व्हावयास उशीर कां लागतो?



वर्ध्यांत माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं सुमारें दहा वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक आहे. गेल्या उन्हाळ्यांत तो सुरू व्हावयास इतका विलंब लावूं लागला, कीं त्याची कळ दाबून चहाचें आधण ठेवावें, चहा करून पिऊन व्हावा, आणि तरीही पडद्यावरील बाण जागचा हालूं नये! घड्याळ लावून पाहिलें तेव्हां सात मिनिटें भरलीं. ज्या दुकानदारास त्यांनीं विचारलें, त्यानें पेटी उघडूनही न पाहतां निर्णय दिला, "यंत्र म्हातारें झालें आहे, नवें घ्या." हा सल्ला चाळीस हजार रुपयांचा होता.

यंत्र म्हातारें होतें हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. गणित करणारा जो भाग, ज्यास प्रोसेसर म्हणतात, तो वयोमानानें मंद होत नाहीं. नवेपणीं एखादी बेरीज तो जितक्या वेळांत करीत होता, तितक्याच वेळांत आजही करितो. वाढतें तें त्याच्यावरचें ओझें, आणि झिजतो तो त्यास माहिती आणून देणारा भाग. ह्या दोहोंपैकीं दोष कोठें आहे हें ओळखण्याच्या कामीं भिंतीवरच्या घड्याळाची मोठीच मदत होते.

कळ दाबल्यापासूनच्या वेळेचे तीन भाग करावे. पहिला भाग, विंडोजचें चिन्ह दिसेपर्यंतचा. ह्या अवधींत आंतल्या पटावर कायमची बसविलेली एक छोटी आज्ञावली सर्व अवयव जागेवर आहेत कीं नाहींत हें तपासते. ह्यास कांहीं सेकंद पुरावेत. येथेंच मिनिट जात असेल, तर एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहून गेला आहे काय तें पाहावें. पुष्कळदां यंत्र त्यांतच विंडोज शोधीत बसतें. प्रत्येक वेळीं तारीख चुकत असेल, तर पटावरची नाण्याएवढी बॅटरी संपली असें समजावें. ती बदलणें अगदीं अल्प खर्चाचें काम आहे.

तिसरा भाग आधीं घेतों, कारण घरोघरीं तक्रार बहुधा तेथलीच असते. परवलीचा शब्द दिल्यापासून यंत्र हुकूम ऐकूं लागेपर्यंतचा हा काळ. आपण छपाईचें यंत्र घेतों, मुलें खेळ आणून बसवितात, कोणी दूरच्या नातेवाइकांशीं बोलण्याची सोय करून देतो. आणि ह्यांतील पुष्कळसे कार्यक्रम संगणकाबरोबर उठण्याचा हक्क न विचारतां घेऊन टाकतात. लग्नघरीं यजमान जागे होण्यापूर्वींच बिनबोलावलेले पाहुणे पाटावर येऊन बसावेत, त्यांतला हा प्रकार. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत 'स्टार्टअप ॲप्स' ह्या सदराखालीं पाहुण्यांची यादी आणि प्रत्येकाचा भार दिलेला असतो. ज्याची रोज सकाळीं गरज नाहीं, त्याचें आपण होऊन उठणें तेवढें बंद करावें. कार्यक्रम नाहींसा होत नाहीं, हांक मारल्यावर येतो. विषाणुरक्षक कार्यक्रमास मात्र हात लावूं नये. असे दोन असतील तर एक काढावा, कारण दोघेही तीच फाइल तपासूं पाहतात. संगणक वेगवान करून देण्याचें आश्वासन देत जे कार्यक्रम जाहिरातींतून येतात, ते पुष्कळदां स्वतःच त्या यादींत जाऊन बसतात!

राहिला मधला भाग, चिन्हापासून परवलीच्या शब्दापर्यंतचा. माझ्या स्नेह्यांचीं सातांपैकीं चार मिनिटें येथेंच खर्च होत होतीं. जुन्या संगणकांत बहुधा सर्व माहिती हार्ड डिस्कवर, म्हणजे फिरत्या चकतीवर असते. ग्रामोफोनची तबकडी मिनिटास ७८ वेळां फिरे. घरगुती संगणकांतली चकती पुष्कळदां ५,४०० वेळां फिरते. तरीही एका फेऱ्यास सुमारें ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवा तो मजकूर वाचणाऱ्या टोकाखालीं येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि तें टोक त्या वर्तुळावर नेण्यास त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणजे विखुरलेले तुकडे सेकंदास साठसत्तरांहून फार अधिक वाचून होत नाहींत. आणि सुरू होतांना तर असे हजारों तुकडे लागतात. एस्. एस्. डी. नांवाच्या नव्या साधनांत फिरणारें कांहींच नाहीं. तेथें तोच तुकडा सेकंदाच्या दहाहजाराव्या हिश्शाच्या आसपास हातीं येतो.

परंतु चकती पहिल्यापासूनच अशी होती. मग ती एकाएकीं अधिक मंद कां व्हावी? ह्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करूं नये. चकतीचा पृष्ठभाग एखाद्या ठिकाणीं निकामी होऊं लागला, म्हणजे ती तेथला तुकडा पुनःपुन्हां वाचून पाहते, आणि प्रत्येक प्रयत्नाचा वेळ आपल्या खोळंब्यांत जमा होतो. जेथें दोन मिनिटें लागत होतीं तेथें महिन्याभरांत सात लागूं लागलीं, किंवा आंतून टकटक असा आवाज येऊं लागला, तर इतर उपाय करीत बसूं नये. प्रथम छायाचित्रें, कागदपत्रें, हिशेब ह्यांची प्रत दुसरीकडे करून घ्यावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा विनामूल्य कार्यक्रम चकतीनें स्वतः ठेवलेली आपल्या प्रकृतीची नोंद वाचून दाखवितो. पण तोही प्रत झाल्यानंतर.

आपल्या जिल्ह्यांत आणखी एका गोष्टीवर संशय जातो, तो उन्हावर. मे महिन्यांत वर्ध्यास पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि प्रोसेसर फार तापला कीं स्वतःस जपण्यासाठीं आपली गति कमी करितो, हें खरें आहे. हिंगणघाटासारख्या कापसाच्या गांवीं, जिनिंगजवळच्या घरांत, पंख्याच्या जाळींत धुळीबरोबर रुईचे तंतूही अडकतात. ते वरचेवर काढावे. मात्र उष्णतेवर आळ घेण्यापूर्वीं पहाटे एकदां व भर दुपारीं एकदां घड्याळ लावावें. दोन्ही वेळां विलंब सारखाच होत असेल, तर उन्हाळा निर्दोष आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबली, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांत विंडोज ११ नियमानें बसत नाहीं. नवा संगणक घेण्यास तें एक खरें कारण होऊं शकतें. नुसता उशीर हें नव्हे.

माझ्या स्नेह्यांनीं दोन रात्रीं जागून प्रत करून घेतली आणि चकतीच्या जागीं एस्. एस्. डी. बसविली. आतां त्यांचा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आंत उठतो. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या छायाचित्रांचा एक कप्पा मात्र शेवटपर्यंत उघडला नाहीं. तो पहिल्यानें उघडेनासा झाला, तेव्हां घरांत कोणीसें म्हणालें होतें, "ऊन किती आहे, यंत्रही थकतच असेल."