माळ्यावरची गॅसबत्ती चमकवण्यापूर्वी

मालवण, वेंगुर्ले, देवगड भागातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही एखादी गॅसबत्ती सापडते. वीज येण्यापूर्वी लग्नाचा मांडव आणि जत्रेतले दशावतारी नाटक याच बत्तीच्या उजेडात रंगायचे. पहिल्या पावसात कुर्ल्या पकडायला जाणाऱ्यांच्या हातीही तीच असायची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने वीज गेली, तेव्हा अनेकांना तिची उणीव जाणवली असेल. आता चतुर्थीच्या साफसफाईत ती खाली येते आणि घासून, रंगवून पडवीत टांगली जाते. हौस चांगली आहे. पण घासण्याच्या कामात आरोग्याचा एक धोका दडलेला असतो.

बत्तीचा सर्वांत खराब झालेला भाग म्हणजे वरची टोपी. मेंटलची सगळी उष्णता तिथून बाहेर पडते, त्यामुळे तिच्यावरचा लेप शेकडो अंश तापमान सोसणारा लागतो. मूळ लेप अनेकदा एनॅमलचा असे. एनॅमल म्हणजे रंग नव्हे, तर साधारण ८०० अंश सेल्सिअसला पत्र्यावर वितळवून बसवलेली काच. बत्ती आदळली की ती काच टवके उडून फुटते आणि उघड्या पत्र्याला खारी हवा लागते. मिठाचे कण हवेतला ओलावा ओढून घेतात; म्हणून किनाऱ्यावर गंज लवकर चढतो.

असा गंज दिसला की पूर्वी घरातला उरलेला ऑईल पेंट मारला जाई. जुन्या रंगांत शिसे सर्रास असे. गंजरोधक म्हणून जगभर जहाजांना आणि पुलांना लावला जाणारा लाल प्रायमर म्हणजे शिशाचेच संयुग, आपला शेंदूर. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे आहे असे समजूनच काम करावे. जुन्या एनॅमलमध्येही शिसे किंवा कॅडमियम असू शकते.

कोरड्या काचपेपरने घासले की ही धूळ हवेत उडते, जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या तुलनेत लहान मुले चार ते पाच पट शोषून घेतात. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. गर्भवतीच्या रक्तातले शिसे बाळापर्यंत पोहोचते. रक्तातली शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग टोपी दुरुस्त कशी करावी? एनॅमल शाबूत असेल तर ते घासूच नये. साबणाच्या पाण्याने धुणे पुरे. खरे एनॅमल घरी पुन्हा चढवता येत नाही, त्याला भट्टी लागते. गंज चढला असेल तर टोपी काढून अंगणात, मुलांपासून दूर, प्लास्टिकवर ठेवावी आणि पाणी लावतच घासावी. एन-९५ मास्क आणि हातमोजे वापरावेत. जुना रंग ज्वाळेने जाळून काढू नये. त्याच्या धुरात शिसे असू शकते. मीठ जाण्यासाठी टोपी गोड्या पाण्याने नीट धुऊन पूर्ण वाळवावी. मग मोटारसायकलच्या सायलेन्सरला लावतात तसा उष्णतारोधक रंग पातळ थरांत द्यावा. साधा ऑईल पेंट इथे करपतो आणि त्याचा धूर घशाला झोंबतो. उष्णतारोधक रंगही पहिल्यांदा तापताना धूर सोडतो, म्हणून पहिली तापवणी उघड्यावरच करावी. कामाचे कपडे वेगळे धुवावेत आणि ओला चोथा पिशवीत बांधून टाकावा. तो परसात किंवा विहिरीजवळ टाकू नये.

मेंटलबद्दलही थोडे सांगायला हवे. १८९१ पासून ते थोरियम आणि सिरियमच्या ऑक्साइडांचे बनू लागले. थोरियम किरणोत्सारी आहे. मेंटल हाताळण्याचा धोका अगदी कमी. पण तुटलेल्या मेंटलची राख फुंकू नये. ती ओल्या फडक्याने टिपून हात धुवावेत.

बत्ती पेटवायचीच असेल तर दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. डोके दुखू लागले, मळमळले तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे. रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मुलाने ते प्यायलेच, तर उलटी करवू नये, मीठपाणी किंवा दूध पाजू नये. उलटीतून रॉकेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. मूल ठीक दिसले तरी थेट रुग्णालयात न्यावे.

आणि घरात असे घासकाम झाल्यावर मुलाला वारंवार पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड किंवा रक्तक्षय दिसला, तर डॉक्टरांना बत्तीबद्दल आवर्जून सांगावे. रक्तातले शिसे तपासता येते. पण ते तपासायचे हे डॉक्टरांना सुचावे, यासाठी ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी.