फोटो खरा की फोटोशॉप?

होस्टेलवर एखादा भारी लँडस्केप फोटो आला की दोनच प्रतिक्रिया येतात. 'काय जागा आहे यार!' नाहीतर 'सोड रे, फोटोशॉप आहे.' दोन्ही वेळा फोटोकडे नीट कुणी बघत नाही. आता तर एआयने बनवलेले डोंगर-धबधबेही त्यात आलेत. म्हणून मित्रांनो, काही साध्या कसोट्या सांगतो. सॉफ्टवेअर लागत नाही, पट्टी आणि बारावीचं फिजिक्स पुरतं.

पहिली कसोटी चंद्राची. चंद्राचं आपल्यापासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे ११० पट आहे. त्यामुळे सेन्सरवर त्याची प्रतिमा लेन्सच्या फोकल लेंग्थच्या ११०व्या भागाएवढी पडते. सूर्याचंही जवळपास तेच. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने काढलेल्या आडव्या फोटोत चंद्र रुंदीच्या साधारण दीडशेव्या भागाएवढा, म्हणजे एक ठिपकाच येतो. 'उत्तर ध्रुवावरचा सूर्यास्त' म्हणून वर्षानुवर्षं फॉरवर्ड होणाऱ्या चित्रात चिमुकल्या सूर्यावर अवाढव्य चंद्रकोर आहे. ते इंगा निल्सन या जर्मन कलाकार मुलीने संगणकावर केलेलं चित्र आहे, फोटो नव्हेच. ध्रुवावर गेलं म्हणून चंद्र मोठा होत नाही!

पण चंद्र मोठा दिसला की फोटो खोटा, असंही नाही. गॅदरिंगच्या प्रदर्शनात एका ज्युनिअरने फोटो लावला होता. पाण्याच्या टाकीशेजारी टाकीएवढाच पौर्णिमेचा चंद्र. कुणीतरी त्यावर पेनने 'फेक' लिहिलं. बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी फोटो गुपचूप काढून नेला. मी त्याच्याकडून आकडे घेतले. लेन्स ३०० मिमी, सेन्सरची रुंदी २३.५ मिमी, फोटो क्रॉप केलेला नाही. ३०० भागिले ११० म्हणजे सेन्सरवर २.७ मिमी, आणि ३० सेंमी रुंद प्रिंटवर साधारण साडेतीन सेंमी. पट्टी लावली तर चंद्र तेवढाच! टाकी २० मीटर उंच. ती चंद्राएवढी दिसायला २० गुणिले ११०, म्हणजे २.२ किमी लांब उभं राहायला हवं. पठ्ठ्या तेवढ्याच अंतरावरच्या टेकडीवर चढला होता. गणितात कुठेच खोट नव्हती. फोटो पुन्हा बोर्डावर लागला, खाली गणितासकट.

दुसरी कसोटी उजेडाच्या दिशेची. इंद्रधनुष्याचं केंद्र सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला असतं आणि त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश. म्हणजे साध्या लेन्सच्या एकाच फ्रेममध्ये सूर्यही आणि इंद्रधनुष्यही, हे जमत नाही. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला दिसणाऱ्या इंद्रवज्राचंही तसंच. सूर्य पाठीशी, समोर दरीत धुकं आणि वर्तुळाच्या मध्यभागी फोटो काढणाऱ्याच्या डोक्याची सावली. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे वेळ सकाळचीच. दरीकडे इंद्रवज्र आणि तिकडेच मावळता सूर्य, असा फोटो दिसला तर सरळ बाद करा.

तिसरी कसोटी पाण्याची. तळ्यातलं प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं करून चिकटवलेलं नसतं. पाणी जणू खालून बघत असतं. त्यामुळे कॅमेरा पाण्यापासून उंचावर असेल, तर जवळचं झाड प्रतिबिंबात मागच्या डोंगराला जास्त झाकतं. दोन्ही अर्धे हुबेहूब असले की शंका घ्या. एकच ढग किंवा एकच झुडूप दोन ठिकाणी सापडलं तरीही.

आणि शेवटी, फोटोखालची ओळसुद्धा तपासा. 'अवकाशातून दिसणारी दिवाळी' म्हणून फिरणारा रंगीबेरंगी भारत अमेरिकन उपग्रहांच्या माहितीवरून तयार केलेला आहे. त्यातले रंग म्हणजे १९९२ ते २००३ या काळात टप्प्याटप्प्याने वाढलेले दिवे. नासाने २०१२ मध्ये तसा खुलासाही केला. दिवे खरे, दिवाळी खोटी!

या कसोट्या खोटं पकडायला जेवढ्या उपयोगी, तेवढ्याच खऱ्याची बाजू घ्यायलाही. तेव्हा पुढच्या प्रदर्शनात खिशातलं पेन काढण्याआधी फोटोवाल्याला तीन गोष्टी विचारा: लेन्स कुठली, वेळ कुठली आणि तोंड कुठल्या दिशेला होतं.