रांगेचा फायदा कुणाला?

'रांगेचा फायदा...' एवढं म्हटलं की एसटी स्टँडवर गाड्यांची वाट बघत वाढलेला कुणीही 'सर्वांना' म्हणून मोकळा होतो. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. भिंतीवर इतक्यांदा वाचलंय की पुढचा शब्द आपसूक जिभेवर येतो. आपल्याशी गप्पा मारणारं एआय मुळात हेच करतं. आधीचं सगळं बघून पुढचा तुकडा ओळखायचा, तो जोडायचा, मग त्याच्या पुढचा. अर्ज, कविता, उधारी मागणारं गोड पत्र, सगळं याच खेळातून निघतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा पटेना. खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पटलेलं नाही.

खेळ तसा जुना. 1913 साली आंद्रेइ मार्कोव या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या एका काव्यातली 20,000 अक्षरं हाताने मोजली. स्वरानंतर पुन्हा स्वर किती वेळा येतो आणि व्यंजन किती वेळा, एवढंच त्याला बघायचं होतं. त्यासाठी दोन-चार आकडे पुरले. 2020 साली आलेल्या जीपीटी-3 या एआय मॉडेलमध्ये असे आकडे होते 17,500 कोटी! यांनाच म्हणायचं पॅरामीटर. जुन्या रेडिओची खुंटी पिळत आपण स्टेशन लावायचो, तशा या खुंट्या. यंत्रापुढे मजकूर ठेवायचा, पुढचा तुकडा ओळखायला लावायचा, चुकलं की खुंट्या किंचित फिरवायच्या. हे अब्जावधी वेळा, न थकता. याचं नाव ट्रेनिंग. त्यात 'कर्ता, कर्म, क्रियापद' कुणीही शिकवत नाही, तरी शेवटी वाक्य शुद्ध येतं. कोणती खुंटी नेमकं काय करते, हे ती बनवणाऱ्यांनाही पूर्ण सांगता येत नाही.

वर मी 'तुकडा' म्हटलं ते मुद्दाम. यंत्र शब्द वाचत नाही, टोकन वाचतं. आपल्याला 'चकली'त तीन अक्षरं दिसतात. संगणकाला च, क, ल आणि वेलांटी अशी चार चिन्हं दिसतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला सहसा 3 बाइट लागतात. म्हणजे झाले 12. तीच चकली रोमन लिपीत 6 बाइटांत मावते. त्यातून तुकडे पाडताना जे वारंवार दिसतं तेच अखंड ठेवतात, आणि वारंवार दिसते ती इंग्रजी. मराठी शब्दाची मात्र खांडोळी होते. दुकानाच्या व्हॉट्सॲपला उत्तरं देणारं यंत्र जोडायचं असेल तर हे ध्यानात ठेवा, कारण त्यामागच्या मॉडेलचं बिल बहुतेकदा टोकनवर लागतं. नव्या मॉडेलांत ही तफावत कमी होत चालली आहे, एवढाच दिलासा.

आमची वहिनी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. तिने मोबाइलवर एआयला सांगितलं, 'चकलीची जाहिरात लिहून दे.' दोन सेकंदांत मजकूर हजर: 'कुरकुरीत, खमंग चकल्यांचा आस्वाद घ्या! 1985 पासून आपल्या सेवेत.'

1985 साली वहिनी बालवाडीत होती.

याला म्हणतात हॅलुसिनेशन. मराठीत भास म्हणा, पण मला 'थाप' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. फक्त थापाड्याला आपण थाप मारतोय हे ठाऊक असतं, यंत्राला नसतं. मिठाईच्या जाहिरातींत 'खमंग'च्या मागोमाग कुठलं तरी जुनं साल येतंच, म्हणून यानेही एक चिकटवलं. खरं काय ते तपासायला ते वहिनीच्या स्वयंपाकघरात थोडंच डोकावलं होतं? जमलं तेही अंदाजाने आणि फसलं तेही अंदाजानेच. मला सगळ्यात थक्क करतं ते हे.

आपण जे लिहून सांगतो तो प्रॉम्प्ट. कामाला आलेल्या नव्या पोराला सांगावं तसं सगळं फोडून सांगावं लागतं. वहिनीने पुन्हा लिहिलं, 'भाजणीची चकली, अर्धा किलो 280 रुपये. ऑर्डर वसुबारसेच्या आधी द्यावी. घरपोच फक्त आमच्या सोसायटीत. मी घरी एकटी करते, दुकान नाही. सालबिल घालू नकोस.'

या वेळी मजकूर बरा आला. तिने फक्त 'आस्वाद घ्या' खोडून तिथे 'खाऊन तर बघा' केलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिलं.