मोटारीच्या इंधननळीतील दाब कसा उतरवावा?

रावेर, यावल, चोपडा अथवा शिरपूर तालुक्यांत केळीच्या बागेवर गाडी नेणारे बागाईतदार किरकोळ दुरुस्ती पुष्कळदा स्वतःच करतात. पेट्रोलचा फिल्टर बदलणे हे त्यांपैकीच एक काम. कार्ब्युरेटरच्या जुन्या जीपमध्ये नळी सोडली की थोडे पेट्रोल गळे, इतकेच. इंजेक्शनच्या गाडीची गोष्ट निराळी आहे.

या गाडीत टाकीतील विजेचा पंप दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ ते ४ किलोग्रॅम दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. मोटारीच्या टायरमधील हवेपेक्षाही हा दाब अधिक होय. इंजिन बंद होताच तो नाहीसा होतो, हा समज चुकीचा आहे. पुढच्या वेळी इंजिन चटकन सुरू व्हावे म्हणून एक झडप तो नळीत अडवून धरते. अशा स्थितीत जोड सोडल्यास पेट्रोलची चिळकांडी डोळ्यांत किंवा तापलेल्या इंजिनावर उडते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या चुलीपर्यंत पोचू शकते. खानदेशातील वैशाखात तर पेट्रोलची वाफ फारच झपाट्याने होते.

म्हणून गाडी मोकळ्या जागी, सावलीत उभी करून इंजिन निवू द्यावे. विडी-काडी दूर ठेवावी. प्रथम टाकीचे झाकण सैल करावे. नंतर पुस्तिकेत पाहून इंधनपंपाचा फ्यूज काढावा व इंजिन सुरू करावे. नळीतील पेट्रोल खर्ची पडून ते आपोआप बंद पडेल. आणखी दोन-तीन सेकंद स्टार्टर फिरवून किल्ली काढावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. एवढे केल्यावरही थोडे पेट्रोल उरतेच. तेव्हा चष्मा लावून, जोडाभोवती फडके गुंडाळून तो सावकाश ढिला करावा. काम झाल्यावर फ्यूज व तार पूर्ववत बसवून, इंजिन सुरू न करता दोन-तीनदा किल्ली फिरवावी व जोड कोरडा राहतो की नाही हे पाहावे.

कॉमन रेल डिझेल इंजिनास मात्र ही रीत लावू नये. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, त्यामुळे अशी इंजिने आता शेतावरही आली आहेत. त्यांतील दाब हजार किलोग्रॅमांहून अधिक असतो. जुन्या ऑइल इंजिनाची हवा काढताना नट ढिला करण्याची जी सवय हाताला जडली आहे, ती येथे घातक ठरते. गळती बोटाने चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी. डिझेलची धार कातडीत शिरल्यास जखम टाचणीएवढीच दिसते, दुखतही नाही. तरीही हात गमावण्याची पाळी येते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अशा माणसास घरी न ठेवता तत्काळ जळगाव वा धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालील डिझेल आत शिरले आहे, हे डॉक्टरांना प्रथमच सांगावे.