दहावीची टक्केवारी : सहा विषय, पण गुण पाचांचेच

बोरीवली : दहावीचा निकाल लागला की अनेक पालक सहा विषयांची बेरीज करतात आणि टक्का जुळत नाही म्हणून घाबरतात. राज्य मंडळाच्या संगणकात २०१० पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' चालते.

समजा गुण ७८, ६४, ७१, ५२, ६९, ७५ आहेत. सहांची बेरीज ४०९, म्हणजे ६८.१७ टक्के. सर्वांत कमी ५२ गळतात. उरले ५०० पैकी ३५७, म्हणजे ७१.४० टक्के. अकरावीला बोरीवलीत असो की गावाकडे, हाच टक्का धरतात.

२०१० मध्ये उच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मात्र विषय गळला म्हणून त्यात पास होण्याची अट सुटत नाही.