तांबेऱ्याला खपलीचं उत्तर

ओतूर आणि आळेफाट्याच्या मधल्या पिंपरी पेंढारच्या शिवारात रब्बीचा गहू कांदा, टोमॅटो, उसाच्या जोडीनं उभा राहतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी साधली नाही, तर दाणा चिकात असतानाच फेब्रुवारीचं ऊन गाठतं आणि दाणा चिमतो. त्यात तांबेरा या बुरशीच्या रोगाची धास्ती. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत उन्हाळा काढतात आणि हिवाळ्याच्या तोंडी वाऱ्यावर स्वार होऊन इकडे येतात. ही बुरशी सतत बदलते. सगळ्या शिवारात एकच वाण असेल, तर एका शेतात शिरकाव झालेल्या बुरशीला पुढची सगळी शेतं मोकळीच.

गव्हाचं वैविध्य आटण्याचं एक कारण त्याच्या जन्मातच आहे. खपली, बन्सी, बक्षी या गव्हांत २८ गुणसूत्रं असतात. चपातीच्या लोकवनात ४२. काही हजार वर्षांपूर्वी २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा एका रानगवताशी आपसूक संकर झाला आणि चपातीचा गहू जन्मला. असे संकर मोजकेच घडले, त्यामुळे त्याच्या वाट्याला पूर्वजांच्या गुणांतला थोडाच हिस्सा आला. पुढे हरितक्रांतीत बुटक्या मेक्सिकन वाणांनी देशाची भूक भागवली; पण गावोगावचे जुने गहू शेतातून उठले.

त्यांतल्या खपलीची ओंबी हातात घेऊन पाहा. मळणी केली तरी दाणा सुटत नाही. टरफलासकट दाण्यांच्या जोड्या गळतात आणि त्या कांडाव्या लागतात. या कटकटीपायी मागे पडलेल्या गव्हाकडे तांबेऱ्याशी झुंजणारी जनुकं आहेत. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस या शास्त्रज्ञानं भारतातल्या खपलीचा तिथल्या 'स्टाइनवेडेल' गव्हाशी संकर करून 'खॅपस्टाइन' तयार केला. १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या 'युजी ९९' या काळ्या तांबेऱ्यानं जगाची झोप उडवली, तेव्हा खपलीतलं 'एसआर १३' हे जनुक त्याच्याविरुद्ध उपयोगी ठरलं. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी ते नेमकं शोधून वेगळं केलं.

असा गुण नव्या वाणात आणायचा, तर काम नाजूक असतं. गव्हाच्या प्रत्येक फुलात तीन परागकोश असतात. ते पिकायच्या आत चिमट्यानं एकेक काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या वाणाचे पराग आणून शिंपडायचे. २८ आणि ४२ गुणसूत्रांच्या गव्हांच्या संकरातून ३५ गुणसूत्रांची रोपं येतात. त्यांना दाणे कमी धरतात. म्हणून ती पुन्हापुन्हा चपातीच्या गव्हाशी संकरित करावी लागतात. हव्या त्या जनुकाची खूण आता रोपट्याच्या पानातच तपासता येते, त्यामुळे वर्षं वाचतात.

जुन्या गव्हांची ही शिदोरी केवढी आहे, हे २०२४ मध्ये कळलं. इंग्लंडच्या वॉटकिन्स या शास्त्रज्ञानं १९२० आणि १९३०च्या दशकांत ३२ देशांतून जमवलेल्या ८२७ देशी गव्हांचा जनुकीय नकाशा तेव्हा प्रसिद्ध झाला. त्यातलं सुमारे ६० टक्के वैविध्य आजच्या वाणांत उतरलेलंच नाही. उष्णता, कमी पाणी, नवे रोग यांवरची उत्तरं तिथं शोधता येतील.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं 'एमएसीएस २९७१' ही बुटकी खपली दिली आहे. त्याच संस्थेचा 'एमएसीएस ४०२८' हा बन्सी जातीचा गहू जिरायतीसाठी आहे, त्यात १४.७ टक्के प्रथिनं आहेत. जनुक बँकेच्या शीतगृहात बी जिवंत राहतं, पण बदलत्या उन्हाशी आणि बुरशीशी त्याची गाठ पडते ती शेतातच. म्हणून दोन्हीकडे ते हवं. ज्यांच्या कणगीत आजोबांच्या काळचा गहू अजून आहे, त्यांनी त्याच्या दोन सऱ्या तरी दरवर्षी पेराव्यात आणि मूठभर बी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवावं. शेतकऱ्याला स्वतःचा वाण आपल्या नावावर नोंदवण्याचा हक्क २००१च्या कायद्यानं दिला आहे. तो वापरायला हवा.