अखंड फिरणारें यंत्र कां थांबतें?

मागील सत्रांत नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक आकृति दाखविली. तींत विजेची मोटार व जनित्र एकाच दांड्यास जोडलेलीं होतीं. मोटारीनें जनित्र फिरवावें, जनित्रानें मोटारीस वीज पुरवावी आणि उरलेल्या विजेवर विहिरीचा पंप चालावा, अशी ती योजना होती. विजेचें बिल वांचविण्याचा हेतु चांगला. परंतु सामानासाठीं वडिलांनीं साठविलेले पैसे खर्चावयाचे होते. म्हणून त्यास दिलेलें उत्तर आम्ही सर्व वाचकांपुढें ठेवीत आहों.

मोटार व जनित्र हीं सख्खीं भावंडें होत. दोहोंतही चुंबकीय क्षेत्र आणि तारेचीं वेटोळीं यांचाच खेळ असतो. प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोंवतीं फिरते, हें मायकेल फॅरडे यानें १८२१ सालीं दाखविलें. आणि चुंबकाच्या हालचालीनें तारेंत प्रवाह उत्पन्न होतो, हें १८३१ सालीं सिद्ध केलें. पहिल्या शोधांत मोटारीचें बीज आहे, दुसऱ्यांत जनित्राचें.

परंतु जनित्र फुकट फिरत नाहीं. हातानें फिरविण्याचें लहान जनित्र घ्या. दिवा जोडलेला नसतां तें सहज फिरतें. दिवा जोडतांच हाताला जड लागतें. उत्पन्न झालेला प्रवाह आपल्या चुंबकत्वानें त्या फिरण्यासच विरोध करतो. हा नियम लेंझ यानें १८३४ सालीं मांडला. दिव्यांत जी ऊर्जा दिसते, ती आपल्याच हातांतून गेलेली असते. खोपोलीच्या १९१५ सालीं सुरू झालेल्या विद्युत्केंद्रांत हाताचें हें काम लोणावळ्याकडील तलावांचें, घाट उतरून येणारें पाणी करतें.

मोटारींतही हाच विरोध असतो. २३० व्होल्टांची एकदिश प्रवाहाची मोटार आहे व तिच्या वेटोळ्यांचा रोध २ ओहम आहे, असें समजा. फिरतांना ती स्वतःच जनित्र बनून २२० व्होल्टांचा उलट दाब निर्माण करते. उरलेल्या १० व्होल्टांनीं ५ अँपिअर प्रवाह वाहतो. घेतलेल्या ११५० वॉटांपैकीं ५० वॉट तारा तापविण्यांत जातात व ११०० वॉट फिरविण्याच्या कामीं येतात. आतां दांडा अडकून मोटार थांबली, तर उलट दाब नाहींसा होतो; प्रवाह ११५ अँपिअर होऊं पाहतो, आणि २६,४५० वॉटांची सर्व ऊर्जा केवळ उष्णता बनते. म्हणूनच पंपांत गाळ अडकून मोटार घुमूं लागली, कीं कळ त्वरित बंद करावी. नाहीं तर वेटोळीं जळतात.

तारांच्या उष्णतेखेरीज आणखी दोन वाटांनीं ऊर्जा निसटते. लोखंडी गाभ्याचें चुंबकत्व वारंवार उलटतें, व त्यांत भोंवऱ्यासारखे प्रवाह उठतात. यानें गाभा तापतो. म्हणून तो अखंड न ओततां, रोधक लेप दिलेल्या पातळ पत्र्यांचा रचतात. तिसरी वाट बेअरिंगाच्या घर्षणाची व आंतील हवा घुसळण्याची. ही ऊर्जा नष्ट होत नाहीं. उष्णता होऊन भोंवतालीं पसरते, आणि पुन्हा आपल्या कामीं येत नाहीं.

आतां त्या आकृतीचा हिशेब करूं. दोन्हीं यंत्रें शेंकडा ८० भाग परत देतात असें धरूं. मोटारीस १०० वॉट दिले, तर दांड्यावर ८० मिळतात, व जनित्रांतून ६४ बाहेर येतात. दुसऱ्या फेरींत सुमारें ४१, तिसरींत सुमारें २६. पंपास देण्याचें दूरच, यंत्र स्वतःच थांबतें. प्रचंड जनित्रें शेंकडा ९८ हूनही अधिक ऊर्जा परत देतात. पण शंभरांचे एकशें एक तींही करीत नाहींत. फुकट विजेचें यंत्र विकावयास कोणी आलाच, तर त्यास हा हिशेब विचारावा.

पांच हजारांस भोजन घातल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा करविले. विपुलतेच्या वेळींही नासाडी नको, हा त्यांतील बोध आम्हांस यंत्रशाळेंतही लागू वाटतो. आमच्या विद्यार्थ्यानें वडिलांचे पैसे राखले. घरच्या जुन्या पंपाच्या बेअरिंगांस त्यानें वंगण दिलें, गाळणी साफ केली, आणि आतां तो मीटरवरील आंकडे रोज वहींत उतरवितो. निर्माण करतां येत नाहीं तें जपतां येतें, एवढें तो शिकला. आम्हांसही त्याच्यामुळें एक चांगला तास मिळाला.